सिव्हिल इंजिनिअर कंपनी चालवू शकतो का? श्रीधरन यांची कारकीर्द साइटवरच्या माणसाच्या नजरेतून

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की सिव्हिल करून काही वर्षं साइटवर काढलीत, आता घरचे म्हणतात एमबीए कर नाहीतर आयुष्यभर बूट-हेल्मेटमध्येच राहशील, आणि ई. श्रीधरन यांचं नाव सगळे घेतात पण ते तर रेल्वेतले सरकारी अधिकारी, त्यांना बिझनेस लीडर कशाला म्हणायचं. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. माझी हयात बोगदे आणि रेल्वेची कंत्राटं यातच गेली, बहुतेक वेळ कंत्राटदाराच्या बाजूने, त्यामुळे मी जे सांगेन ते टेबलाच्या या बाजूने बघितलेलं असेल.

आधी शंकेचं उत्तर. श्रीधरन अधिकारी होते हे खरंच, पण कारकिर्दीत त्यांनी तीन कंपन्या चालवल्या. कोचीन शिपयार्ड, कोकण रेल्वे कॉर्पोरेशन आणि दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन. तिन्ही कागदावर कंपन्याच, म्हणजे भांडवल आलं, कर्ज आलं, ताळेबंद आला, बोर्ड आलं. सरकारी मालकीची कंपनी म्हणजे कंपनी नव्हे असं ज्याला वाटतं त्याने एकदा अशा कंपनीत बसून व्याजाचा हप्ता भरून दाखवावा.

जन्म १९३२, केरळात पालघाटजवळचा. शाळेत टी. एन. शेषन त्यांचे सोबती, तेच पुढे निवडणूक आयोगातून सगळ्या पक्षांना घाम फोडणारे. काकीनाड्याच्या सरकारी कॉलेजातून सिव्हिल, मग कोझिकोडच्या पॉलिटेक्निकमध्ये थोडे दिवस शिकवलं, नंतर आपल्या मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षभर अप्रेंटिस, आणि मग परीक्षा देऊन रेल्वेच्या इंजिनिअरिंग सेवेत, दक्षिण रेल्वेवर. इथपर्यंत त्या काळच्या कुठल्याही हुशार पोराचा बायोडेटा वाटेल.

नाव झालं ते पांबनला. डिसेंबर १९६४, २२-२३ च्या रात्री चक्रीवादळ आलं, धनुष्कोडीची पॅसेंजर गाडी माणसांसकट समुद्राने ओढून नेली आणि रामेश्वरमला जोडणाऱ्या दोन किलोमीटरच्या पुलाचे बहुतेक गर्डर, म्हणजे रूळ पेलणाऱ्या लोखंडी तुळया, पाण्यात गेले. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरच्या साहेबांनी ते तीनावर आणले, आणि बत्तीस वर्षांच्या श्रीधरननी काम केलं ४६ दिवसांत. लोक इथे ‘केवढी जिद्द’ म्हणतात आणि पुढे जातात. पण मुद्दा जिद्दीचा नाहीये रे. सहा महिने कशाला लागणार होते? गर्डरला. नवे गर्डर बनवून किंवा देशभरातून गोळा करून आणायचे यातच वेळ जाणार होता. यांना मच्छीमारांकडून कळलं की जुने गर्डर समुद्रात अमुक ठिकाणी पडलेत, मग तेच बाहेर काढले, तपासले आणि परत चढवले. म्हणजे वेळ नेमका कुठे अडकलाय ते आधी शोधलं आणि फक्त तिथेच हात घातला. मजूर दुप्पट लावून, रात्रपाळी करून हे झालं नसतं. आमच्याकडे आजही शेड्यूल मागे पडलं की पहिली ऑर्डर निघते ‘माणसं वाढवा’, आणि माणसं येऊन मटेरियलची वाट बघत बसतात.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९७० पासून कलकत्ता मेट्रोच्या आखणीत, देशातली पहिली मेट्रो ती. मग १९७९ मध्ये कोचीन शिपयार्डला, जिथे पहिलं जहाज रखडून पडलं होतं, ते ‘राणी पद्मिनी’ १९८१ मध्ये पाण्यात उतरलं. सिव्हिलचा माणूस आणि जहाज, काही संबंध? वेल्डिंग त्यांना थोडंच करायचं होतं, कोणाचं काम कोणामुळे अडलंय ते सोडवायचं होतं. पुढे पश्चिम रेल्वेचे जनरल मॅनेजर, रेल्वे बोर्डावर इंजिनिअरिंगचे मेंबर, आणि १९९० मध्ये रिटायर. इथे बहुतेकांची गोष्ट संपते, पेन्शन, नातवंडं, सकाळी फिरायला जाणं. यांची सुरू झाली.

आता कोकण रेल्वे, इथे मी जरा रेंगाळणार. कोकणात रेल्वे हवी ही मागणी किती जुनी ते तुझ्या आजोबांना विचार, बॅरिस्टर नाथ पै, मग मधु दंडवते, राजापूरच्या खासदारांची अख्खी परंपरा त्यात गेली. गाडी रोह्यापर्यंत यायलाच १९८६ उजाडलं. अडचण इंजिनिअरिंगची कमी आणि पैशाची जास्त होती. नव्या मार्गांसाठी रेल्वेच्या बजेटमध्ये जो पैसा असायचा तो सगळ्या देशात वाटला जायचा आणि प्रत्येक खासदाराला आपला तुकडा हवा, त्या हिशोबाने कोकणची पाळी आणखी एका पिढीनंतर आली असती. मग १९८९ ला व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, आणि ठरलं की बजेटची वाटच बघायची नाही, वेगळी कंपनी काढायची. जुलै १९९० मध्ये कंपनी नोंदली, बेलापूरला ऑफिस, केंद्राचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळ सहा-सहा. भांडवल यांचं, आणि उरलेला मोठा पैसा बॉण्ड काढून बाजारातून. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणी झाली. श्रीधरन या कंपनीचे प्रमुख.

बॉण्डची ही गोष्ट नीट समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. बजेटच्या पैशावर काम करणाऱ्या खात्याला उशिराचं व्याज दिसत नाही, काम एक वर्ष लांबलं तर पुढच्या बजेटमध्ये आकडा वाढतो, बास. कर्जाच्या पैशावर काम करणाऱ्याला रोज सकाळी मीटर पळताना दिसतो. नुसतं उदाहरण म्हणून धर, १००० कोटी उचललेत १२ टक्क्यांनी, तर वर्षाला १२० कोटी म्हणजे दिवसाला जवळपास ३३ लाख व्याज, आणि गाडी धावत नाही तोवर तिकिटाचा एक रुपया येत नाही. आता साइटवर एखादी फाइल पंधरा दिवस सहीला पडून राहिली तर ती किती कोटींची सही झाली ते काढ. श्रीधरनना हे गणित पक्कं कळलं होतं आणि त्यांनी अख्खी कंपनी त्या गणिताभोवती बांधली, हेच माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम, पूल आणि बोगदे त्यानंतर.

म्हणजे काय केलं? रोहा ते मंगळूर साधारण ७६० किलोमीटर, त्याचे सात तुकडे पाडले, महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी, साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे, आणि प्रत्येकावर एक चीफ इंजिनिअर बसवला ज्याच्या हातात खरे अधिकार. टेंडर, डिझाइनमधले बदल, जमीन, बहुतेक गोष्टी तिथेच मिटायच्या, बेलापूरला धाडायची गरज नाही. आमच्या धंद्यात हे किती दुर्मिळ ते बाहेरच्याला कळणार नाही. बोगद्यात फेसवर, म्हणजे जिथे खणणं चालू असतं त्या तोंडावर, दगड बदलला, कातळ संपून भुसभुशीत माती लागली, तर सपोर्ट बदलायचा निर्णय त्याच शिफ्टला हवा असतो. दुसरीकडे मी असं बघितलंय की असा निर्णय मुख्यालयातून येईपर्यंत फेस बसून गेलेला, वर आणि क्लेमची, म्हणजे जादा पैशांच्या दाव्यांची, भांडणं पाच वर्षं.

दुसरं म्हणजे बिलं. कंत्राटदाराचा जीव आरए बिलात, म्हणजे काम चालू असताना टाकलेल्या हप्त्याच्या बिलात असतो. नेहमीची पद्धत काय, मोजमाप, एमबी म्हणजे मोजमापाची वही, ज्युनिअरने तपासलं, सिनिअरने परत तपासलं, अकाउंट्सने शंका काढली, फाइल परत, आणि तोवर इकडे कंत्राटदार डिझेल उधारीवर आणतोय आणि मजूर होळीला गावी गेले ते परत येत नाहीत. कोकण रेल्वेत बिल हातात आलं की मोठा हिस्सा लगेच सोडायचा, बारीक तपासणी नंतर आणि फरक पुढच्या बिलात, असा दंडक होता, मशीन घ्यायला ॲडव्हान्ससुद्धा मिळायचा. ऐकायला साधं वाटतं, पण याचा परिणाम रेटवर होतो. ज्या ठिकाणी पैसे सहा महिन्यांनी मिळणार हे माहीत असतं तिथे आम्ही टेंडरमध्येच ते सहा महिने लावून ठेवतो, हे उघड गुपित आहे. वेळेवर पैसे देणारा मालक स्वस्तात काम करून घेतो. ही अक्कल अकाउंट्सच्या माणसाला असतेच असं नाही आणि इंजिनिअरला असतेच असंही नाही, दोन्ही ज्याला कळतं तो वर जातो.

जमिनीचं प्रकरणही मोठं. ४२ हजारांच्या वर जमीनमालक. आपल्याकडे वीतभर बांधासाठी भावाभावांत कोर्टबाजी चालते, तिथे हे. यांची माणसं घरोघर गेली, मोबदला लवकर दिला, आणि हेही कबूल करायला हवं की कोकणी माणसाला रेल्वे मनापासून हवी होती, एरवी इतक्या सहज जमीन सुटली नसती. गोव्यात मात्र वेगळंच झालं. खाजण जमिनी म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनी, जुनी चर्चेस, दाट वस्तीची किनारपट्टी, यातून लाइन नको, आत घाटाकडून न्या म्हणून मोठं आंदोलन झालं, १९९३ मध्ये काम थांबलं, ओझा आयोग बसला, आणि कित्येक महिने गेल्यावर शेवटी मूळ आखणीवरच काम परत सुरू झालं. माझं मत विचारशील तर आंदोलकांचं खाजणांबद्दलचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, भरतीचं पाणी आत-बाहेर करणारी ती व्यवस्था आहे, तिच्यात भराव टाकला की शेतीचं वाटोळं होतं, त्यामुळे तिथे मोऱ्या आणि पूल वाढवायला लागले तर लागू देत. व्याजाचा मीटर प्रत्येक वेळी बरोबरच असतो असं नाही.

आता बोगदे, माझा विषय, त्यामुळे थोडं सहन कर. नव्वदच्या आसपास बोगदे, सगळ्यात लांब रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटर. सह्याद्रीचा कातळ म्हणजे बेसाल्ट, तो कडक असला तरी इमानदार असतो, होल मारा, ब्लास्ट करा, मक म्हणजे फुटलेला दगड उचला, पुढे चला. त्यासाठी स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंगची मशीनं आणली, त्याआधी आपल्याकडे बहुतेक काम हातातल्या जॅकहॅमरवर चालायचं, आणि त्या मशीनांमुळे महिन्याची प्रगती कुठल्या कुठे गेली. खरी वाट लावली ती मातीतल्या नऊ बोगद्यांनी. वर जांभा, खाली चिकणमाती, त्यात कोकणचा पाऊस. पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटर, पण तिथे फेस खणला की माती चिखलासारखी वाहून आत यायची, पुढे जितकं गेलात तितकं परत भरून जायचं, माणसं गेली, वर्षांमागून वर्षं गेली. अशा मातीत मोठं तोंड उघडायचंच नसतं, छोटे छोटे हिस्से पाडून खणायचं, पुढे पाइप ठोकून छत धरायचं, लगेच रिब म्हणजे लोखंडी कमानी आणि शॉटक्रीट म्हणजे फवारलेलं काँक्रीट, पाणी आधी काढून टाकायचं, आणि तरी रात्री झोप लागत नाही. सगळी लाइन तयार होती आणि या दीड किलोमीटरसाठी थांबली होती. शेवटी २६ जानेवारी १९९८ ला मार्गाचं लोकार्पण झालं आणि त्याच वर्षी मे महिन्यापासून मुंबई-मंगळूर थेट गाड्या.

पुलांमध्ये रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा उंच पूल, बघून ये एकदा, ४२४ मीटर लांब आणि सगळ्यात उंच पिअर म्हणजे खांब ६४ मीटर. इतक्या उंचीवर खालून स्टेजिंग म्हणजे आधाराचा सांगाडा उभारून स्लॅब ओतणं म्हणजे वेडेपणा, म्हणून डेक म्हणजे पुलाचा वरचा भाग एका टोकाला जमिनीवर तुकड्या-तुकड्याने ओतला आणि जॅकने मागून ढकलत पिअरवरून पुढे सरकवत नेला. भारतात हे पहिल्यांदा तिथे झालं. गाडीतून जाताना खिडकीतून काहीच कळत नाही, खाली उतरून बघावं लागतं.

या सगळ्यात सत्तरच्या वर माणसं गेली, रत्नागिरी स्टेशनला त्यांचं श्रमशक्ती स्मारक आहे. यशोगाथांमध्ये हा आकडा फार कमी वेळा येतो म्हणून मुद्दाम लिहिला.

आणि यशोगाथेच्या पलीकडचं अजून थोडं. खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला, त्यात व्याजाचा वाटा मोठा. गाड्या सुरू झाल्या पण अंदाजाइतकी मालवाहतूक मिळाली नाही, कोकणात कारखाने कुठे आहेत माल द्यायला, त्यामुळे कंपनी बरीच वर्षं कर्जाखाली दबून होती आणि पुढे सरकारला आर्थिक पुनर्रचना करायला लागली. १९९९ मध्ये ट्रक रेल्वेवर चढवून न्यायची रो-रो सेवा कोलाड ते वेर्णा सुरू केली, ती मात्र झकास कल्पना, अजून चालू आहे. मग जून २००३, वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली, ५१ माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी महाडजवळ मत्स्यगंधाचा अपघात. त्यानंतर कटिंगचे, म्हणजे लाइनसाठी कापलेल्या डोंगराचे, उतार कमी केले, जाळ्या आल्या, पावसात वेग कमी ठेवायचं वेळापत्रक आलं. घाईत केलेल्या कटिंगचे हे भोग, असं आमच्यातले काही जण म्हणतात, काही म्हणतात कोकणातला डोंगर कितीही कापा तो पाच-दहा पावसाळ्यांनंतरच खरा बोलतो. मी दुसऱ्या बाजूचा, पण पहिल्यांचं म्हणणं पूर्ण खोडून काढता येत नाही. तेव्हा श्रीधरन तिथे नव्हते, तरी लाइन त्यांच्याच हाताखाली कापली गेली होती.

१९९७ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, ते दिल्ली मेट्रोचे मॅनेजिंग डायरेक्टर झाले. आता तोच प्रयोग मोठ्या भांडवलावर, जपानचं कर्ज, दोन सरकारं मालक, केंद्र आणि दिल्ली. काम घेतानाच माणसं निवडण्याचे आणि कंत्राटं देण्याचे अधिकार हातात घेतले, हे फार महत्त्वाचं. आपल्याकडे लोक आधी खुर्ची घेतात आणि मग अधिकारांसाठी रडत बसतात. स्टाफ कमी ठेवला, हाँगकाँगला ट्रेनिंगला पाठवला, ऑफिसात आणि साइटवर उलटी मोजणी करणारी घड्याळं लावली, डेडलाइनला इतके दिवस उरले म्हणून. दिल्लीत साइटवरून बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुवायला लावायचे, तेव्हा आम्ही हसायचो, आता तेच प्रत्येक टेंडरमध्ये असतं. २४ डिसेंबर २००२ ला शाहदरा ते तीस हजारी पहिली लाइन सुरू झाली, आणि ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा दहाऐवजी सात वर्षांत, २००५ मध्ये संपला.

सगळं त्यांच्या मनासारखं झालं असंही नाही. त्यांना स्टँडर्ड गेज, म्हणजे ब्रॉडगेजपेक्षा अरुंद रूळ, हवा होता, जगभरच्या मेट्रोंचे डबे त्याच मापाचे मिळतात म्हणून, रेल्वेवाल्यांनी ब्रॉडगेजचा आग्रह धरला आणि पहिल्या टप्प्यात ब्रॉडगेजच झाला. ते हरले, रुसून राजीनामा दिला नाही, काम केलं, आणि पुढच्या टप्प्यातल्या काही लाइन स्टँडर्डवर नेल्या. राजीनामा दिला तो जुलै २००९ मध्ये, दिल्लीत जमरूदपूरला पिअर कॅप म्हणजे खांबाचा माथा मोडून पूल पडला आणि सहा जण गेले तेव्हा, नैतिक जबाबदारी म्हणून. मुख्यमंत्री शीला दीक्षितांनी तो घेतला नाही. घाई आणि सुरक्षा यांचा झगडा तिथेही होताच, उलट्या घड्याळाला ही दुसरी बाजू असते आणि ती घड्याळावर दिसत नाही. २०११ च्या शेवटी ते तिथून बाहेर पडले, मग कोची मेट्रोला सल्ला, आणि २०२१ मध्ये पालघाटमधून निवडणूक लढवून थोडक्यात हरले. ते प्रकरण मी त्यांच्या कारकिर्दीत धरत नाही, ज्याने त्याने आपलं मत ठेवावं.

आता तुझं एमबीए. करायचं तर कर, वाईट काही नाही, पण ते केल्याने वर जाशील या भ्रमात राहू नकोस. तुला सध्या काय येतं ते बघ. बीबीएस म्हणजे सळ्यांचा तक्ता काढता येतं, पोअर कार्ड म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधीचा तपासणीचा कागद भरता येतं, लेबर हाताळता येतं, ठीक. पण ज्या प्रोजेक्टवर आहेस त्याचं कंत्राट तू पूर्ण वाचलंयस का, जनरल कंडिशनसकट? बिल टाकल्यापासून पैसे जमा होईपर्यंत किती दिवस जातात आणि ते कोणाच्या टेबलावर जातात, माहितीये? तुझ्या साइटचा एक दिवस बंद राहिला तर कंपनीचे किती जातात, भाड्याच्या मशीनसकट, काढलंयस कधी? बहुतेक साइट इंजिनिअर हे सगळं ‘ते बिलिंगवाले बघतात’ म्हणून सोडून देतात, आणि मग दहा वर्षांनी तोच बिलिंगवाला प्रोजेक्ट मॅनेजर होतो तेव्हा राजकारण झालं म्हणून ओरडतात. पुढचं पोस्टिंग मागताना सहा महिने प्लॅनिंग आणि बिलिंगला दे म्हणून साहेबांकडे हट्ट धर. मोठ्या कंपनीत नाही मिळालं तर मध्यम कंत्राटदाराकडे जा, तिथे मालक स्वतः शेजारी बसून रेट लावतो आणि तुझ्यादेखत बँकेला फोन करतो. पगार थोडा कमी मिळेल, घरचे कुरकुर करतील. आणि सरकारी नोकरीचा विचार असेल तर रेल्वेच्या परीक्षेची वयोमर्यादा आधी बघून घे, त्यात अडकलास तर बाकीची चर्चाच नको.